पान्हा, पावडर आणि न मांडलेला हिशेब

ऑगस्टचे पहिले सात दिवस जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळले जातात. त्या आठवड्यात देशभर व्याख्याने होतात, रुग्णालयांच्या भिंतींवर नवी भित्तिपत्रके लागतात आणि ‘आईचे दूध म्हणजे अमृत’ हे वाक्य असंख्य वेळा उच्चारले जाते. वाक्य खोटे नाही. परंतु हे अमृत तयार होण्यासाठी अन्न लागते, ऊर्जा लागते आणि सर्वांत अधिक वेळ लागतो. हा सारा खर्च कोणाच्या खात्यातून वजा होतो, हे कोणत्याही भित्तिपत्रकावर लिहिलेले नसते. सप्ताह संपतो, पाहुणे पांगतात, आणि तीच आई आठव्या दिवशी औषधांच्या दुकानातून ‘दूध वाढवणाऱ्या’ पावडरीचा डबा घेऊन घरी परतते.

‘दूध कमी पडते’ हे निदान बहुतेक घरांत कोणतेही मोजमाप न करता होते. ते सासू करते, शेजारीण करते, कधी घाईत असलेला डॉक्टरही करतो. त्याला पुरावा म्हणून जे पुढे केले जाते ते असे: बाळ रडते, संध्याकाळच्या वेळी सारखे अंगावर राहते, छाती पहिल्या आठवड्याइतकी जड लागत नाही, पिळून काढलेल्या दुधाने वाटी अर्धीही भरत नाही. यांपैकी एकही गोष्ट दूध कमी असल्याचा पुरावा ठरत नाही. बाळे अनेक कारणांनी रडतात. संध्याकाळी वारंवार पिणे हा नवजात बाळांचा सामान्य स्वभाव आहे. काही आठवड्यांनी मागणी आणि उत्पादन जुळले की छाती मऊ लागू लागते. आणि हाताने किंवा पंपाने जेवढे दूध निघते त्यापेक्षा चांगले ओढणारे बाळ पुष्कळदा अधिक घेते.

खरे मापदंड दोनच आहेत आणि दोन्ही साधे आहेत. पहिला वजनाचा. जन्मानंतर बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारणपणे दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत येते. त्यापुढे ते वाढत राहिले पाहिजे. दुसरा लघवीचा. पहिल्या पाच दिवसांनंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा लघवी होणारे बाळ सहसा उपाशी नसते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन पाहावे, अशी आशा कार्यकर्तीकडून शासनाचीच अपेक्षा आहे आणि तिच्या पिशवीत वजनकाटाही आहे. म्हणजे साधन आहे, माणूस आहे, वेळापत्रकही आहे. तरीही निकाल वजनकाट्याऐवजी रडण्यावर लागतो, कारण रडणे सर्वांना ऐकू येते आणि काटा वाचायला कोणी थांबत नाही.

दूध कसे तयार होते, याची यंत्रणा आज विज्ञानाला पुरेशी ज्ञात आहे. प्रसूतीनंतर वार पडली की रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घटते आणि त्यानंतरच्या दोन ते चार दिवसांत भरपूर दूध उतरू लागते. त्याआधीचा चीक मोजक्या मिलिलिटरमध्येच येतो. नवजात बाळाच्या पोटाची क्षमताही तेवढीच लहान असते. पुढे दोन संप्रेरके कामाला लागतात. बाळाच्या चोखण्याने प्रोलॅक्टिन वाढते आणि दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे तयार दूध वाहते. मराठीत या दुसऱ्या क्रियेला फार पूर्वीपासून ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. वेदना, भीती आणि ताण यांनी पान्हा काही काळ अडतो, हे अनुभवाने जाणणाऱ्या आजीबाईंचे निरीक्षण शरीरक्रियाशास्त्राने खरे ठरवले आहे.

तिसरा नियंत्रक मात्र घराघरांत अपरिचित आहे, आणि सर्व गोंधळाचे मूळ तिथे आहे. स्तन रिकामा होत राहिला तर दूध वेगाने तयार होते. तो भरलेला राहिला तर निर्मिती तिथल्या तिथे मंदावते. हे नियंत्रण इतके स्थानिक आहे की एका बाजूने कमी पाजले तर त्याच बाजूचे दूध घटते, दुसरीचे नाही. म्हणजे दुधाचा पुरवठा हा साठवणीच्या रांजणासारखा नसून विहिरीच्या झऱ्यासारखा आहे. उपसा थांबला की झरा मंदावतो.

आता ‘दूध कमी’ या निदानानंतर काय घडते ते पाहावे. बाळाला बाटलीने वरचे दूध दिले जाते. ते पोटभर पिऊन झोपते. घरचे निश्चिंत होतात. त्या झोपेच्या काळात स्तन भरलेला राहतो, निर्मिती मंदावते, पुढच्या वेळी खरोखरच दूध कमी निघते, आणि बाटली एकाच्या दोन होतात. पंधरा दिवसांत भाकीत खरे ठरते आणि भाकीत करणाऱ्यांना आपण बरोबर होतो याचे समाधान मिळते. ज्या उपायाने आजार निर्माण केला त्याच उपायाला श्रेय मिळावे, याहून मोठा तर्कदोष शोधून सापडणार नाही. आणि या तर्कदोषाचा दोष नेहमी एकाच व्यक्तीच्या माथी बसतो: ‘हिला दूधच आले नाही.’

या चक्राची सुरुवात पुष्कळदा घराच्याही आधी, रुग्णालयात होते. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बाळे केवळ ४१.८ टक्के होती. मागील सर्वेक्षणात संस्थात्मक प्रसूती ७८.९ टक्के आणि तासाभरातील स्तनपान ४१.६ टक्के होते. म्हणजे सुमारे पाच वर्षांत प्रसूती घरातून रुग्णालयात आल्या, पण पहिल्या तासातील स्तनपान जागचे हलले नाही. अज्ञानी खेडूत बाई हे या आकड्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही, कारण त्या पहिल्या तासात बाळ आणि आई दोघेही प्रशिक्षित लोकांच्या ताब्यात असतात. त्याच पाचव्या सर्वेक्षणात खासगी संस्थांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर टाके दुखत असलेल्या आईच्या कुशीत बाळ देण्यासाठी एक परिचारिका अर्धा तास जवळ थांबावी लागते. त्या अर्ध्या तासाची तरतूद नसते. बाळाला पाजायच्या डब्याची मात्र असते.

या जागेवर बाजार उभा आहे. १९९२ मध्ये संसदेने अर्भक दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि अर्भक अन्न यांच्या नियमनाचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात या देशात करता येत नाही. हा कायदा जगातील कठोर कायद्यांपैकी एक आहे आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. परंतु तो बाळाच्या बाटलीवर पहारा ठेवतो. आईच्या पेल्यावर नाही. ‘स्तनदा मातांसाठी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे, दाणेदार मिश्रणे, पेये आणि बिस्किटे या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पुढचे दार बंद झाल्यावर बाजार मागच्या दाराने आत आला. पूर्वी तो म्हणत होता, ‘तुमचे दूध पुरणार नाही, आमचे घ्या.’ आता तो म्हणतो, ‘तुमचे दूध पुरणार नाही, आमची पावडर घ्या.’ वाक्याचा पूर्वार्ध तोच आहे आणि नफा त्या पूर्वार्धातूनच निघतो.

या पावडरींच्या मागचा पुरावा किती आहे? दूधवर्धक औषधे आणि वनस्पतींवरील चाचण्यांचा एक व्यापक आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४१ चाचण्या आणि ३,००५ माता होत्या. पुराव्याची विश्वासार्हता इतकी कमी आढळली की वनस्पतिजन्य उपायांच्या परिणामाविषयी ठाम विधान करता येत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. भारतात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या शतावरीचेच उदाहरण घ्यावे. १९९६ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत, दूध कमी असल्याची तक्रार असलेल्या मातांना शतावरीयुक्त औषध देऊन लाभ दिसला नाही. २०११ मधील ६० मातांच्या एका चाचणीत प्रोलॅक्टिन वाढलेले दिसले. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. शिवाय रक्तातले प्रोलॅक्टिन वाढणे आणि बाळाच्या पोटात अधिक दूध जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढ्या तुटपुंज्या पायावर ‘वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध’ असे छापणे हा विज्ञानाच्या भाषेचा गैरवापर आहे.

याचा अर्थ बाळंतिणीच्या पारंपरिक आहाराची थट्टा करावी, असा नव्हे. महाराष्ट्रातील अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू, उत्तरेकडील सुंठ-गोंदाची पंजिरी, बंगालमधील काळे जिरे, तमिळनाडूतील लसूण आणि बाल-मुशीचा पुट्टू यांमागे एक शहाणपण आहे: बाळंत स्त्रीला दाट, चविष्ट, तुपाचे अन्न मिळावे आणि काही काळ तिच्या ताटाकडे घराचे लक्ष असावे. अळिवात लोह आहे, लाडवात उष्मांक आहेत, माशात प्रथिने आहेत. हे पदार्थ दूध वाढवतात की नाही हे सिद्ध झालेले नसले, तरी ते आईला पोसतात. पावडर त्या ताटातील एक वनस्पती उचलते, तिची किंमत अनेक पटींनी वाढवते आणि ताटाकडे लक्ष देण्याची जबाबदारी घरावरून काढून टाकते.

येथे एक अवघड वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी लागते, कारण तिचा दोन्ही बाजूंनी दुरुपयोग होतो. आईने अधिक खाल्ले म्हणजे दूध अधिक येते, असे सहसा घडत नाही. १९५० च्या दशकात कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जी पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली, सी. गोपालन यांनी गरीब भारतीय स्त्रियांच्या दुग्धस्रावाचा अभ्यास केला. अत्यंत अपुऱ्या आहारावरही या स्त्रिया दीर्घकाळ आणि लक्षणीय प्रमाणात दूध देत असल्याचे त्यांना आढळले. नंतर पश्चिम आफ्रिकेतील गांबियामध्ये स्तनदा मातांच्या आहारात दिवसाला ७०० किलोकॅलरींहून अधिक भर घालण्यात आली. दुधाचे प्रमाण वाढले नाही. पाण्याचेही तसेच. तहान भागेल इतके पाणी आवश्यकच आहे. त्याहून अधिक पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही.

बाजार ही वस्तुस्थिती लपवतो, कारण त्याचा धंदा ‘खा आणि वाढवा’ या सूत्रावर चालतो. व्यवस्था मात्र हीच वस्तुस्थिती सोयीने वापरते: उपाशी बाईलाही दूध येतेच, मग चिंता कशाची? या प्रश्नाचे उत्तर असे की दूध येते, पण ते आईच्या शरीरातून येते. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी घटते. बाळ सुटल्यावर ती सहसा भरून येते. परंतु जिच्या दोन बाळंतपणांत अंतरच नाही तिला भरून काढण्याची फुरसत मिळत नाही. त्याच पाचव्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आणि १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. या स्त्रिया स्तनपानाची सुरुवातच उणे खात्याने करतात. दिवसभर जाणवणारा थकवा ‘बाळंतपणात असे होतेच’ म्हणून सोडून दिला जातो. त्यामागे रक्तक्षय किंवा थायरॉईडचा विकार असू शकतो आणि साध्या रक्ततपासणीत तो सापडतो. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी घेण्याचे राष्ट्रीय धोरण आहे. तिच्याविषयी जाहिरात क्वचितच दिसते, कारण ती विकायची नसते.

शिवाय दुधाचे प्रमाण टिकले तरी त्यातील सर्व घटक टिकत नाहीत. उष्मांक आणि कॅल्शियम आईचे शरीर राखते. अनेक जीवनसत्त्वे मात्र तिच्या आहारावर अवलंबून असतात. १९६२ मध्ये वेल्लोरच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या भारतीय अर्भकांतील ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचे वर्णन केले, त्यांच्या मातांमध्येच त्याचा अभाव होता. काश्मीरमधील डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, निव्वळ स्तनपानावरची काही बाळे रक्तातील आम्लता वाढून मृत्यूच्या दारात पोहोचली होती आणि थायमिन देताच सावरली. त्यांच्या आयांचा आहार पॉलिश केलेला भात आणि बाळंतपणातील कडक पथ्ये यांत अडकलेला होता. बाळंतिणीला भाजी नको, डाळ नको, पाणी बेताने, अशी पथ्ये पाळणारी घरे देशाच्या बहुतेक प्रांतांत आहेत. त्या घरांनी ही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

आता ऊर्जेचा हिशेब. रोज साधारण पाऊण लिटर दूध, त्यातील उष्मांक आणि ते तयार करण्याचा खर्च धरून, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशी पहिल्या सहा महिन्यांत आईला दररोज ६०० किलोकॅलरी अधिक द्याव्यात, असे सांगतात; पुढच्या सहा महिन्यांत ५२०. प्रथिनांची भर पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ ग्रॅम. गरोदरपणातील भर ३५० किलोकॅलरींची आहे. म्हणजे स्तनपान गर्भारपणाहून महाग आहे. तरीही घरात डोहाळे पुरवले जातात पोट दिसते तोवर, आणि प्रसूतीनंतर सारे लक्ष पाळण्याकडे वळते. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दैनंदिन गरज १,६६० किलोकॅलरी धरली आहे. १८० दिवसांची भर १,०८,००० किलोकॅलरी होते. हे त्या स्त्रीच्या स्वतःच्या सुमारे ६५ दिवसांच्या संपूर्ण अन्नाइतके आहे. सहा महिन्यांत दोन महिन्यांचे जादा अन्न: ‘अमृत’ या शब्दाची ही किंमत आहे.

ही किंमत राष्ट्राने तत्त्वतः मान्य केलेली आहे. २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा गर्भवतीला आणि प्रसूतीनंतर सहा महिने स्तनदा मातेला अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहाराचा हक्क देतो. २०१३ च्या मूळ कायद्यात मानक ठरले होते ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने. विज्ञानाचा आकडा आणि कायद्याचा आकडा इतके जुळावेत, हे दुर्मीळ आहे. जुळत नाही तो पैसा. या आहारासाठी २०१७ मध्ये ठरवलेला दर दिवसाला साडेनऊ रुपये होता. त्याच कायद्यात किमान ६,००० रुपयांचा मातृत्वलाभ आहे. प्रत्यक्ष योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० मिळतात, उरलेल्यासाठी दुसऱ्या योजनेकडे बोट दाखवले जाते, आणि दुसऱ्या अपत्यासाठी लाभ मुलगी झाली तरच. मुलगा झालेल्या आईला ६०० किलोकॅलरी कमी लागतात, असे कोणत्याही प्रयोगशाळेने दाखवलेले नाही.

आणि वेळ? २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी देण्याची तरतूद आधीपासूनच होती. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हीच खरी दूधवर्धक तरतूद आहे, कारण ती उपसा चालू ठेवते. परंतु देशातील बहुसंख्य कामकरी स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत. वीटभट्टीवरची, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी, मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी स्त्री या रजेच्या बाहेर आहे. तिला ‘सहा महिने निव्वळ स्तनपान’ सांगणे म्हणजे दोराशिवाय विहिरीवर पाठवणे होय.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. काही स्त्रियांना खरोखरच दूध कमी येते. प्रसूतीतील अतिरक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, थायरॉईडचा विकार, पूर्वीची स्तनशस्त्रक्रिया, स्तनग्रंथींची अपुरी वाढ, ही त्याची ज्ञात कारणे आहेत. अशा वेळी ‘प्रयत्न करत राहा’ हा उपदेश बाळाच्या जिवावर बेतू शकतो. वजन घटत असेल, लघवी कमी होत असेल, बाळ सुस्त असेल, तर त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे आणि सांगितलेले पूरक दूध विनासंकोच द्यावे. स्तनपानाचा पुरस्कार करणाऱ्यांनी आईला अपराधी ठरवणे आणि बाजाराने तिला अपुरी ठरवणे, ही एकाच अन्यायाची दोन रूपे आहेत.

सार्वजनिक व्यवस्था मनावर घेते तेव्हा काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. धारावीला लागून असलेल्या शीव येथील महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. अकाली जन्मलेल्या बाळांना डब्याऐवजी दुसऱ्या आईचे दूध मिळावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. सार्वजनिक रुग्णालय, साधे निर्जंतुकीकरण आणि बाळंतिणींजवळ बसायला तयार असलेली माणसे, एवढ्यावर ते उभे राहिले.

म्हणून पुढच्या ऑगस्टमध्ये ‘अमृत’ हा शब्द ऐकू येईल तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत. या रुग्णालयात किती बाळे पहिल्या तासात आईजवळ दिली गेली? या वस्तीतील आशा कार्यकर्तीच्या काट्यावर किती बाळांची वजने नोंदली गेली? या अंगणवाडीतील आहारात ६०० किलोकॅलरी खरोखर भरतात का? आणि या गावातील कामकरी आईला दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला जवळ घेण्याइतका वेळ कोण देते? या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर पावडरीचा डबा आपोआप दुकानाच्या फळीवर राहील.